सरकारी खुला डेटा, ओपनस्ट्रीटमॅप आणि बदलणारे परवाने: मराठवाड्यातल्या नकाशाकारांचे नेहमीचे प्रश्न

गावातली शाळा, पाझर तलाव, पांदण रस्ता किंवा तांडा ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या ऑनलाइन नकाशावर, टाकताना हाताशी सरकारी यादी असेल तर काम भराभर होतं. ती यादी वापरायची परवानगी होती का, कुठल्या अटीवर होती आणि अट बदलली तर काय, हे प्रश्न मात्र यादी वापरून झाल्यावरच विचारले जातात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. आठही जिल्ह्यांतल्या नव्या-जुन्या नकाशाकारांनी काम सुरू करण्याआधी एकदा वाचावेत.

सरकारी संकेतस्थळावर सगळ्यांना दिसतं, म्हणजे वापरता येतंच ना?

नाही. ही समजूत सगळ्यात जास्त आढळते आणि सगळ्यात जास्त नुकसानही हीच करते.

कॉपीराइट कायदा 1957 प्रमाणे सरकारने तयार केलेल्या कामाचा पहिला हक्कदार सरकारच असतं आणि तो हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो. करदात्यांच्या पैशातून झालेलं काम आपोआप सगळ्यांचं, असा नियम अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कामाला लागू आहे, आपल्याकडे नाही. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या गटाची हद्द दिसते, सातबारा घरबसल्या बघता येतो. ही सोय शेतकऱ्याला स्वतःची जमीन बघता यावी म्हणून दिलेली आहे. त्या हद्दी गिरवून दुसऱ्या डेटाबेसमध्ये घालायची परवानगी त्यात येत नाही. तशी परवानगी लेखी परवान्यातून मिळते. परवाना लिहिलेला नसेल तर ‘हक्क राखीव’ असं समजूनच चालायचं.

मग कुठला सरकारी डेटा खरोखर खुला आहे?

केंद्र सरकारने 2012 साली राष्ट्रीय डेटा सामायिकरण आणि उपलब्धता धोरण आणलं आणि त्याच वर्षी खुल्या सरकारी डेटाचं केंद्रीय पोर्टल सुरू झालं. गंमत अशी की धोरण आलं, पोर्टल आलं, फायली चढल्या, पण स्पष्ट परवाना यायला फेब्रुवारी 2017 उजाडलं. तेव्हा ‘गव्हर्नमेंट ओपन डेटा लायसन्स – इंडिया’ राजपत्रात आलं. आपण त्याला थोडक्यात जीओडीएल म्हणतो.

जीओडीएलखाली डेटा वापरता येतो, बदलता येतो, दुसऱ्या डेटात मिसळता येतो, त्यावर धंदाही करता येतो. बदल्यात श्रेय द्यायचं: डेटा कोणी दिला, कुठून घेतला, कोणत्या परवान्याखाली घेतला आणि त्याचा पत्ता. सरकारने तुमच्या कामाला मान्यता दिली आहे असं भासवायचं नाही. डेटा चुकीचा निघाला तर सरकार जबाबदार नाही आणि तो पुढे अद्ययावत होत राहील याची हमीही नाही.

काही गोष्टी परवान्याबाहेर आहेत. व्यक्तिगत माहिती, विभागाने संवेदनशील किंवा न देण्याजोगी ठरवलेली माहिती, बोधचिन्हं, ओळखपत्रं, सैन्याची चिन्हं आणि ज्यावर इतर बौद्धिक संपदा हक्क आहेत असा डेटा. नकाशाकाराला यातली पहिली गोष्ट सगळ्यात जास्त नडते. समजा विहिरींची यादी आहे आणि एका रकान्यात शेतकऱ्याचं नाव, दुसऱ्यात मोबाइल नंबर. विहीर नकाशावर जाऊ शकते. ते दोन रकाने कामाच्या प्रतीतून फाइल उघडल्या उघडल्या उडवायचे, ‘नंतर बघू’ म्हणून ठेवायचे नाहीत.

राज्य सरकार, जिल्हा परिषद, महापालिका यांच्या डेटाला जीओडीएल लागतो का?

आपोआप लागत नाही. ज्या पानावरून फाइल घेतली त्या पानावर परवाना लिहिलेला असला पाहिजे. नसेल तर त्या कार्यालयाकडून लेखी परवानगी घ्या. परवानगीत ‘ओपनस्ट्रीटमॅपमध्ये ओडीबीएल परवान्याखाली प्रसिद्ध करण्यास हरकत नाही’ असं स्पष्ट वाक्य हवं (ओडीबीएल म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपचा परवाना, तो पुढच्या प्रश्नात येतो). ‘सामाजिक कार्यासाठी वापरावे’ एवढं पुरत नाही, कारण ओपनस्ट्रीटमॅपमध्ये गेलेली गोष्ट उद्या कुठलीही खासगी कंपनी वापरू शकते आणि ते त्या परवान्यात बसतं. साहेबांना हे आधीच समजावून सांगितलेलं बरं. नंतर कळलं तर पुढची यादी मिळत नाही.

ओडीबीएल काय आहे? ओपनस्ट्रीटमॅपचा परवाना आधी दुसरा होता ना?

होता. 2004 साली इंग्लंडमध्ये प्रकल्प सुरू झाला आणि पुढे बरीच वर्षं त्याचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘श्रेय द्या आणि याच अटीवर वाटा’ हा, आवृत्ती 2.0, असा होता. तो परवाना लेख, चित्रं, गाणी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला. नकाशामागचा डेटाबेस त्यात नीट बसत नव्हता. म्हणून सप्टेंबर 2012 मध्ये ओपन डेटाबेस लायसन्स, म्हणजे ओडीबीएल, लागू झालं. याच्या अटी दोन वाक्यांत: श्रेय द्या, आणि डेटाबेस सुधारून लोकांपुढे ठेवलात तर तो सुधारलेला डेटाबेसही याच परवान्याखाली द्या. त्यातून काढलेला छापील नकाशा कुठल्याही परवान्याखाली असला तरी चालतो, फक्त श्रेय हवं.

बदलाआधी प्रत्येक योगदानकर्त्याला विचारलं गेलं: नव्या अटी मान्य आहेत का? ज्यांनी नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही त्यांचं काम 2012 च्या जुलैमध्ये एका बॉटने नकाशातून काढलं. ऑस्ट्रेलिया आणि पोलंडला त्याचा मोठा फटका बसला, काही भागांत रस्त्यांमध्ये भोकं पडली. ती पुन्हा माणसांनी हाताने बुजवली.

असा बदल पुन्हा होऊ शकतो का?

होऊ शकतो, आणि या पानाचा निम्मा जीव याच उत्तरात आहे.

खातं उघडताना आपण योगदानकर्त्याच्या अटी स्वीकारतो. बहुतेकांनी त्या वाचलेल्या नसतात, तर त्यातलं एक कलम असं: ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशन, म्हणजे हा प्रकल्प सांभाळणारी संस्था, पुढे दुसरा एखादा मुक्त आणि खुला परवाना निवडू शकतं. त्यासाठी फाउंडेशनच्या सदस्यांचं मतदान लागतं आणि सक्रिय योगदानकर्त्यांपैकी दोन तृतीयांश जणांची मान्यता लागते. सक्रिय म्हणजे ज्याने गेल्या 12 महिन्यांत किमान तीन वेगवेगळ्या महिन्यांत संपादन केलं आहे आणि ज्याचा ईमेल पत्ता चालू आहे. म्हणजे 2012 सारखं एकेकाला विचारत बसावं लागणार नाही.

आता हे बघा. तुम्ही स्वतः पाहून टाकलेल्या हनुमान मंदिराचा हक्क तुमचाच, ते नव्या परवान्यात आपोआप जाईल. पण सरकारी यादीतून आणलेल्या तीनशे शाळांचं काय? त्यांच्यावरचा हक्क सरकारचा आहे, तुम्ही फक्त आणून ठेवणारे. योगदानकर्त्याच्या अटीही तुमच्याकडून एवढंच म्हणवून घेतात की माझ्या माहितीप्रमाणे हा डेटा आजच्या परवान्यात देता येतो. उद्याच्या परवान्याची हमी तुमच्याकडे कोणी मागितलेली नाही. परवाना बदलला तर त्या तीनशे शाळा नव्या अटींत बसतात का, हे कोणीतरी तपासणार. कुठल्या शाळा कुठून आल्या हे लिहिलेलं असेल तर तपास एका दुपारी होतो. लिहिलेलं नसेल तर दोनच वाटा उरतात, सगळं ठेवायचं नाहीतर सगळं काढायचं, आणि दोन्हीत कोणावर तरी अन्याय.

मग बदलसंचात नेमकं लिहायचं काय?

बदलसंच म्हणजे आपण एकदम साठवलेल्या बदलांचा गठ्ठा. त्याला ‘स्रोत’ आणि ‘टिप्पणी’ अशा दोन जागा असतात. ‘गव्हर्नमेंट’ किंवा ‘सरकारी माहिती’ असं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. पाच गोष्टी हव्यात: प्रकाशित करणारा विभाग, फाइलचं नाव, परवाना आणि त्याची आवृत्ती, फाइल उतरवल्याची तारीख आणि पानाचा पत्ता. नमुना असा: ‘ग्रामविकास मंत्रालय, ग्रामीण रस्ते डेटा, औसा तालुका, परवाना अमुक, उतरवल्याची तारीख तमुक’. आयात, म्हणजे तयार यादीतून एकदम घातलेली भर, मोठी असेल तर ही माहिती ओपनस्ट्रीटमॅपच्या विकीवर एका पानावर मांडून बदलसंचात त्या पानाचा पत्ता द्या.

दोन स्रोत एका बदलसंचात मिसळू नका. सरकारी यादीतल्या शाळा एका संचात, तुम्ही मोटारसायकलवरून फिरून टिपलेली दुकानं दुसऱ्यात. हा नियम किचकट वाटतो, पण पुढे एखादा स्रोत काढायची वेळ आली तर तुमची दुकानं वाचतात.

स्रोत प्रत्येक वस्तूवर लिहायचा की फक्त बदलसंचावर?

बदलसंचावर लिहा. वस्तूवर, म्हणजे नकाशातल्या एकेका शाळेवर किंवा रस्त्यावर, लिहिलेला स्रोत पुढच्या माणसाने जागा दुरुस्त केली तरी तसाच राहतो आणि मग खोटा ठरतो. वस्तूवर लिहायचा असेल तर सरकारी ओळखक्रमांक लिहा. शाळेचा 11 अंकी यूडायस क्रमांक, गावाचा जनगणना क्रमांक, स्थानिक शासन निर्देशिकेतला क्रमांक. नावं बदलतात, स्पेलिंग बदलतात, क्रमांकावरून मात्र मूळ यादीशी पुन्हा जुळवता येतं.

आपल्या भागात कुठला सरकारी डेटा किती वापरला गेला, हे शोधायचं कसं?

वस्तूंवरचे टॅग, म्हणजे वस्तूला जोडलेल्या माहितीच्या चिठ्ठ्या, ओव्हरपास टर्बो या शोध-संकेतस्थळावर शोधता येतात: जिल्ह्याची हद्द निवडा, ‘स्रोत’ टॅगमध्ये पोर्टलचं नाव असलेल्या वस्तू मागा. टॅगइन्फो हे टॅग मोजणारं संकेतस्थळ, तिथे ‘स्रोत’ टॅगमधला एखादा मजकूर किती वेळा आला ते दिसतं. तिथेच आपली शिस्त उघडी पडते, कारण एकाच पोर्टलचं नाव लोकांनी कधी पूर्ण पत्ता, कधी लघुरूप, कधी नुसतं मंत्रालय असं लिहिलेलं असतं.

ओव्हरपासला बदलसंचावरचे टॅग दिसत नाहीत, ही गोष्ट नवख्यांना माहीत नसते आणि ‘काहीच सापडलं नाही’ म्हणून ते थांबतात. त्यासाठी ओएसएमसीएचए हे बदलसंच तपासायचं संकेतस्थळ वापरा. तिथे क्षेत्र, तारीख, टिप्पणी आणि स्रोत यांवरून बदलसंच गाळता येतात. ज्यांना प्रोग्रॅमिंग येतं त्यांनी ओपनस्ट्रीटमॅपच्या सर्व्हरवर मिळणारी बदलसंचांची एकत्र फाइल घ्यावी, मराठवाड्याच्या चौकटीत येणारे संच वेगळे काढावेत आणि स्रोताप्रमाणे मोजावेत.

याच्या जोडीला एक साधी सामायिक तक्ता-फाइल ठेवा. एका ओळीत एक स्रोत: विभाग, परवाना, परवाना शेवटचा कधी तपासला, कोणत्या तालुक्यात वापरला, बदलसंचांचे क्रमांक. तीन महिन्यांतून एकदा कोणीतरी पानं उघडून परवाना तोच आहे ना ते बघायचं. कंटाळवाणं काम आहे. जो करतो त्याला चहा पाजा.

विभागाने नंतर परवाना बदलला किंवा पानच काढून टाकलं तर?

बदल दोन्ही दिशांनी होतात. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हेने 2010 मध्ये काही नकाशे स्वतःच्या वेगळ्या परवान्याखाली खुले केले आणि 2015 मध्ये तो सोडून तिथल्या सरकारचा सर्वसाधारण खुला परवाना स्वीकारला. वापरणाऱ्यांचं काम सोपं झालं. विकिपीडियाने 2023 मध्ये परवान्याची आवृत्ती 3.0 वरून 4.0 वर नेली. सरकारी संकेतस्थळांवर मात्र सहसा असं होतं की नवी रचना येते आणि जुना पत्ता मरतो. परवाना तोच असतो, पण तो दाखवायला पान उरत नाही.

म्हणून फाइल उतरवली त्याच दिवशी तीन गोष्टी करा. परवाना असलेलं पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जतन करा. मूळ फाइल, एकही रकाना न बदलता, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. मात्र तिच्यात व्यक्तिगत माहिती असेल तर ती प्रत कुठेही चढवू नका, कोणाला पाठवू नका. जतन केलेल्या पानाचा पत्ता विकीवर टाका. उद्या वाद झाला तर ‘त्या दिवशी, त्या अटीवर घेतलं’ हे एवढ्यावरच सिद्ध होतं. नवी अट आल्यानंतरची फाइल मात्र नव्या अटीनेच वापरायची. जुना परवाना आणि नवी फाइल अशी सोयीची जोडी लावायची नाही.

2012 ते 2017 या काळात उतरवलेल्या फायली अजून काहींच्या संगणकात आहेत. त्या वापरू नका. तीच यादी पोर्टलवर परवान्यासह असेल तर ताजी घ्या.

क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘फक्त श्रेय द्या’ परवाना असेल तर काळजी नाही ना?

आहे. ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनची भूमिका अशी की सीसी बाय 4.0 (हाच परवाना, आवृत्ती 4.0) चा डेटाही थेट घेऊ नये, मालकाकडून जास्तीची लेखी संमती घ्यावी. एक कारण श्रेयाचं: ओपनस्ट्रीटमॅप श्रेय एका सामायिक पानावर देतो, नकाशा वापरणारा प्रत्येक जण मूळ विभागाचं नाव छापेलच असं नाही. दुसरं कारण डिजिटल कुलुपांचं, म्हणजे फाइलची नक्कल किंवा वापर अडवणाऱ्या तांत्रिक बंधनांचं. सीसी बाय ती अजिबात चालवून घेत नाही, ओडीबीएल काही अटींवर घेतं. संमतीपत्राचा तयार मसुदा फाउंडेशनकडे आहे, तोच मराठी पत्रासोबत जोडा.

औरंगाबाद, उस्मानाबाद ही नावं असलेला जुना डेटा आता कसा जोडायचा?

नावावरून जोडूच नका. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही शहरांची नावं फेब्रुवारी 2023 मध्ये आणि जिल्हा, तालुका, महसुली विभाग यांची सप्टेंबर 2023 मध्ये अधिकृत झाली. त्याआधीच्या प्रत्येक सरकारी फाइलमध्ये जुनी नावं आहेत आणि त्या फायली तशाच राहणार. 2011 च्या जनगणनेत औरंगाबाद जिल्ह्याचा क्रमांक 515 आणि उस्मानाबादचा 525 आहे. जोडणी या क्रमांकांनी करा. नकाशावर चालू नाव मुख्य ठेवा, जुनं नाव ‘जुनं नाव’ या टॅगमध्ये जाऊ द्या, कारण लोक शोधताना दोन्ही टाकतात.

नावावरून नकाशावर भांडणं होतात, इथेही झाली. टॅग बदलण्याच्या स्पर्धेत उतरू नका. राजपत्राचा क्रमांक आणि तारीख बदलसंचात लिहा आणि पुढे चला.

नावांपेक्षा हद्दींचा घोळ मोठा आहे. जालना 1981 मध्ये, लातूर 1982 मध्ये, हिंगोली 1999 मध्ये वेगळे जिल्हे झाले. 1991 च्या जनगणनेतली परभणी आजच्या परभणी आणि हिंगोली मिळून होते. तालुकेही पुढे फुटले. डेटा कुठल्या वर्षाच्या हद्दीवर बेतलेला आहे हे फाइलच्या वर्णनात बघा. तिथे नसेल तर तालुक्यांची यादी मोजा, लगेच कळतं. आणि बीडचं इंग्रजी स्पेलिंग जनगणनेत तीन अक्षरी आहे, इतरत्र चार अक्षरी. या एका जिल्ह्याने कित्येक तक्ते रिकामे पाडले असतील.

किल्लारी परिसरातली गावं सरकारी डेटात दोन ठिकाणी दिसतात. कुठलं खरं?

दोन्ही खरी असू शकतात. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर औसा आणि उमरगा भागातली अनेक गावं जुनं गावठाण सोडून नव्या जागी वसली. आखीव गल्ल्या, एकसारखी घरं, उपग्रहचित्रात ती लगेच ओळखू येतात. भूकंपाआधी मोजणी झालेल्या नकाशात गावाचा बिंदू जुन्या गावठाणावर आहे, नंतरच्या यादीत नव्या वसाहतीवर. काही यादींत तर बिंदू गावच्या शिवाराच्या मध्यावर टाकलेला असतो, जिथे ना जुनं गाव आहे ना नवं, नुसतं तुरीचं रान.

गावाचा मुख्य बिंदू आज माणसं राहतात तिथे. जुन्या गावठाणाला सोडून दिलेल्या वस्तीचा टॅग, नावासह. सरकारी यादीतला बिंदू हलवलात तर बदलसंचात स्पष्ट लिहा की जागा यादीतून घेतलेली नाही, प्रत्यक्ष पाहून किंवा उपग्रहचित्रावरून घेतली आहे. नाहीतर वर्षभराने कोणीतरी यादीशी ‘जुळवून’ बिंदू परत रानात नेतो. जायकवाडीच्या नाथसागरात गेलेल्या पैठण भागातल्या गावांनाही हेच लागू आहे.

तांडे आणि वाड्या सरकारी यादीत सापडत नाहीत. काय करावं?

जनगणना महसुली गाव मोजते. तांडा किंवा वाडी स्वतंत्र महसुली गाव नसेल तर तिचा आकडा मूळ गावात मिसळतो आणि तिला क्रमांक मिळत नाही. मराठवाड्यात हा फरक लहान नाही. इथे प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा डेटा उपयोगी पडतो, कारण ती योजना वस्ती धरून चालते. ग्रामविकास मंत्रालयाने 2022 मध्ये हा डेटा सार्वजनिक केला. देशभरच्या 10 लाखांहून जास्त वस्त्या, 8 लाखांहून जास्त सुविधा आणि 25 लाख किलोमीटरच्या वर रस्ते त्यात आहेत.

तरी तो जसाच्या तसा ओतू नका. पांदण रस्ता पावसाळ्यात चालू असतो की चिखलात बुडतो, तांड्याला लोक कुठल्या नायकाच्या नावाने ओळखतात, हे तिथे जाऊनच कळतं. आयात करायची तर आधी ओपनस्ट्रीटमॅपच्या आयातीची चर्चा होते त्या ईमेल-यादीवर आणि भारतीय समुदायात मांडा, वेगळं आयात-खातं काढा, एका तालुक्यावर करून दाखवा.

माहितीच्या अधिकारात मिळालेली यादी चालेल?

2005 चा कायदा माहिती मिळवायचा हक्क देतो. ती परवान्यासह मिळत नाही. अर्ज करून मिळालेल्या यादीसाठीही वेगळी परवानगी लागते. अर्जाच्या उत्तराची प्रत जपा, पुढे ती परवानगी मागताना कामाला येते.

तलाठ्याने किंवा सरपंचाने तोंडी सांगितलेलं?

चालतं. माणसाच्या माहितीला कॉपीराइट नसतो. त्यांनी कार्यालयातला नकाशा उघडून ‘हे बघा, असं काढा’ म्हटलं, तर मात्र ते गिरवणं झालं.

जुने नकाशे?

60 वर्षांची मुदत उलटलेले सरकारी नकाशे वापरता येतात. अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाने 1950 च्या दशकात भारताचे काढलेले यू-502 मालिकेचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळतात. जुनी गावनावं आणि ओढ्यांची वळणं शोधायला ते चांगले. रस्त्यांसाठी नाहीत.

भुवन (इस्रोचं नकाशा-संकेतस्थळ) किंवा गुगलवर बघून काढलं तर कोणाला कळतं?

कळतं. शिवाय एडिटरमध्ये बिंग आणि एसरीची चित्रं रीतसर परवानगीने दिलेली आहेत, मग चोरी कशाला?

आमची संस्था ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा घेऊन पाणलोटाचे नकाशे करते. आम्हाला काय लागतं?

नकाशावर ‘ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते’ असं श्रेय, वाचता येईल अशा अक्षरात. डेटात तुमच्या बंधाऱ्यांची भर घालून तो डेटाबेस प्रसिद्ध केलात तर तो ओडीबीएलखाली द्यावा लागेल. फक्त कार्यालयात वापरलात तर नाही. बंधाऱ्यांचा डेटा वेगळ्या थरात, न मिसळता ठेवलात तर तो तुमच्या परवान्याखाली राहू शकतो. निविदेत किंवा करारात हे आधीच लिहून घ्या.

परवानगी नसलेला डेटा नकाशावर आलाय असं दिसलं तर?

आधी त्या नकाशाकाराला बदलसंचावर विचारा, सभ्य भाषेत: ‘हा स्रोत कुठला, परवाना कुठे बघता येईल?’ बऱ्याचदा परवाना असतो, लिहायचा राहिलेला असतो. उत्तर नाही आलं तर स्थानिक समुदायात मांडा. खरंच परवानगी नसेल तर बदल नुसता मागे फिरवून भागत नाही, कारण जुनी आवृत्ती इतिहासात सगळ्यांना दिसत राहते. ती झाकायचा अधिकार फाउंडेशनच्या डेटा वर्किंग ग्रुपकडे आहे. त्यांना बदलसंचांचे क्रमांक आणि मूळ पानाचा पत्ता कळवा. आणि ज्या वस्तू काढल्या गेल्या त्यांची यादी आधी उतरवून ठेवू नका, नाहीतर कोणीतरी त्याच यादीवरून पुन्हा काढत बसेल. गावात जाऊन नव्याने टिपा.